इ.स. ४०८ : बारा महिन्यांत रोमने स्वतःचीच फौज गमावली

शिलेदार :

रोमच्या पडझडीचा विषय निघाला की गाडी दोनच सालांवर येऊन थांबते. ४१० साली गॉथांनी शहर लुटलं आणि ४७६ साली पश्चिमेच्या शेवटच्या सम्राटाला पदावरून दूर केलं. मला विचाराल तर या दोन्हींपेक्षा ४०८ हे साल जास्त बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला रोमच्या हाताशी मुरलेला सेनापती होता, समोर तहाला राजी असलेला शत्रू होता आणि तह निभावण्याइतका पैसाही होता. वर्ष सरताना सेनापती मारला गेलेला, शत्रू शहराच्या दारात आणि पैसा त्याच्या गाड्यांत. मोठी लढाई एकही झाली नाही.

आधी थोडी मांडणी. पश्चिमेचा सम्राट होनोरियस तेव्हा तेवीस वर्षांचा, दरबार रावेन्नाला. खरा कारभार स्टिलिकोच्या हातात. स्टिलिकोचा बाप रोमन घोडदळातला वँडल अधिकारी, आई रोमन. बायको सेरेना ही होनोरियसचा बाप, थोरला सम्राट थिओडोसियस, याची पुतणी. थोरली मुलगी मारिया होनोरियसला दिलेली. ती वारल्यावर धाकटी थर्मांशियाही त्यालाच दिली. म्हणजे स्टिलिको सेनापती तर होताच, शिवाय सम्राटाचा दोनदा सासरा.

सरहद्द आधीच फाटली होती. ४०६ च्या अखेरीस वँडल, अलन आणि सुएबी या टोळ्या ऱ्हाइन ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, उतरल्या. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या फौजेने कॉन्स्टंटाइन नावाच्या माणसाला परस्पर सम्राट केलं आणि तो गॉलमध्ये ठाण मांडून बसला. अशात गॉथांचा सरदार अलारिक नोरिकमपर्यंत, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाच्या भागापर्यंत, सरकला आणि त्याने रोमकडे थकबाकी मागितली. स्टिलिकोने त्याला पूर्वेकडच्या मोहिमेसाठी एपिरसमध्ये (ग्रीसच्या पश्चिम भागात) थांबवून ठेवलं होतं, मोहीम झालीच नाही, तेव्हा फौज पोसण्याचा खर्च द्या, असं त्याचं म्हणणं.

रक्कम ठरली ४,००० पौंड सोनं. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे साधारण १,३०० किलो. सिनेटमध्ये बहुतेकांचा कल युद्धाकडे होता, पण स्टिलिकोपुढे बोलायची छाती कोणाची? सगळ्यांनी माना डोलावल्या. लाम्पाडियस नावाचा एकच सभासद उठला आणि म्हणाला, "हा तह नव्हे, हा गुलामगिरीचा करार आहे." सभा सुटताच जिवाच्या भीतीने त्याने जवळचं चर्च गाठलं.

आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. ऑलिंपिओडोरस हा त्याच काळातला इतिहासकार लिहितो की रोममधल्या बड्या घराण्यांना प्रत्येकी जमिनींतून वर्षाला ४,००० पौंड सोन्याचं उत्पन्न होतं; धान्य, दारू वगैरे वेगळंच. मॅक्सिमस नावाच्या एका श्रीमंताने मुलाला प्रीटर हे मानाचं सरकारी पद मिळाल्यानिमित्त भरवलेल्या खेळांवर ४,००० पौंड उडवले होते. ज्या रकमेवरून राज्य हादरलं ती एका घराची एका वर्षाची मिळकत होती. खजिना रिकामा असेलही, शहर रिकामं नव्हतं.

१ मे रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये होनोरियसचा भाऊ, पूर्वेचा सम्राट अर्केडियस वारला. गादीवर आला त्याचा सात वर्षांचा मुलगा, धाकटा थिओडोसियस. होनोरियसला तिकडे जाऊन पुतण्याची घडी बसवून द्यायची होती. स्टिलिकोने खर्चाचं आणि गॉलमधल्या बंडाचं कारण सांगून त्याला थांबवलं. मी स्वतः जातो म्हणाला. दरबारातल्या ऑलिंपियस नावाच्या अधिकाऱ्याला नेमकं हेच हवं होतं. स्टिलिको पूर्वेला जाऊन त्या पोराला मारणार आणि आपला मुलगा युखेरियस याला गादीवर बसवणार, अशी कुजबुज त्याने सुरू केली. झोसिमस हा नंतरचा इतिहासकार सांगतो की हा ऑलिंपियस तिकिनमच्या (आजचं पाविया) छावणीत आजारी सैनिकांची विचारपूस करायला जायचा आणि त्यांच्या उशाशी बसून हे विष पेरायचा.

१३ ऑगस्टला तिकिनमला भडका उडाला. गॉलच्या मोहिमेसाठी जमलेल्या फौजेला होनोरियस सामोरा गेला आणि सैनिक स्टिलिकोच्या नेमणुकीतल्या अधिकाऱ्यांवर तुटून पडले. गॉलचा प्रीफेक्ट (मुख्य कारभारी) लिमेनियस गेला, गॉलचा सेनापती गेला, इटलीचा प्रीफेक्ट लाँगिनियानस गेला. सम्राट अंगरखा आणि मुकुट टाकून, नुसत्या आखूड सदऱ्यावर गावातून फिरत सैनिकांना आवरत होता. क्वेस्टर (सम्राटाचा कायद्याचा अधिकारी) साल्वियस याने तर त्याचे पाय घट्ट धरले. तशा अवस्थेत त्याला ओढून काढलं आणि मारलं.

स्टिलिको तेव्हा बोनोनियाला, म्हणजे बोलोन्याला होता. त्याच्याबरोबर जर्मन आणि हूण सरदारांची फौज होती. ते म्हणत होते, चला, तिकिनमवर चालून जाऊ. सम्राट जिवंत आहे हे कळल्यावर स्टिलिकोने नकार दिला. रोमन सैन्यावर परक्या टोळ्या घालणं त्याला मान्य नव्हतं. त्यांच्यातल्याच सारस या गॉथ सरदाराने रात्रीत त्याचे हूण अंगरक्षक कापले, तेव्हा तो रावेन्नाला निघाला. जाता जाता वाटेतल्या शहरांना सांगत गेला की तुमच्याकडे ज्यांची बायकापोरं ठेवली आहेत त्या टोळीवाल्या सैनिकांना आत घेऊ नका. यादवी त्याला दिसत होती.

रावेन्नात त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पडला होता. रात्री त्याने चर्चचा आसरा घेतला. पहाटे शिपाई आले. बिशपसमोर शपथ वाहिली की आम्हाला फक्त अटकेचा हुकूम आहे, मारण्याचा नाही. तो बाहेर आला आणि त्याच जासुदाने दुसरा खलिता काढला. त्यात मृत्युदंड होता. त्याची माणसं हत्यारं उपसून धावली. त्यानेच त्यांना दरडावून थांबवलं आणि मान पुढे केली. तारीख २२ ऑगस्ट ४०८.

यानंतर जे झालं त्याने खरा घात केला. रोमन फौजेत नोकरीला असलेल्या टोळीवाल्या सैनिकांची कुटुंबं इटलीतल्या शहराशहरांत राहत होती. स्टिलिको गेल्याची बातमी पोचताच, आधी ठरल्यासारखं, त्या बायकापोरांची कत्तल झाली आणि घरं लुटली गेली. त्या सैनिकांनी काय केलं असेल? ३०,००० हून अधिक माणसं अलारिकला जाऊन मिळाली.

आणि अलारिक अजूनही तह मागत होता! बेताची रक्कम द्या, ओलिसांची अदलाबदल करा, मी फौज पॅनोनियात (आजच्या हंगेरीच्या भागात) नेतो, एवढीच मागणी. होनोरियसने ऑलिंपियसच्या सल्ल्याने नकार दिला आणि लढायची तयारीही केली नाही. अलारिकने आल्प्स ओलांडले, अक्विलेया, क्रेमोना मागे टाकत पो नदी पार केली. झोसिमसच्या शब्दांत, जणू जत्रेला निघाल्यासारखा. आडवं कोणी आलं नाही. थेट रोमपुढे येऊन त्याने टायबर अडवली आणि पोर्टस बंदराकडून येणारी रसद तोडली.

शहरात रोजचा शिधा आधी निम्मा, मग एक तृतीयांश झाला. सम्राट ग्रेशियनची विधवा लाएटा आणि तिची आई यांनी आपल्या घरातून जमेल तितक्यांना जेवू घातलं. प्रेतं बाहेर नेता येईनात, रोगराई पसरली. शेवटी सिनेटने वकील धाडले. आमच्याकडे माणसं खूप आहेत, लढायला तयार आहेत, असं त्यांनी म्हणताच अलारिक हसून म्हणाला, "गवत दाट असलं की कापायला सोपं." सगळं सोनं, चांदी, सामान आणि टोळीवाले गुलाम हवेत, असं तो म्हणाला. मग आम्हाला काय ठेवणार? "तुमचे जीव."

घासाघीस होऊन खंडणी ठरली ती अशी : ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, किरमिजी रंगवलेली ३,००० कातडी आणि ३,००० पौंड मिरी. सिनेटरांच्या ऐपतीप्रमाणे वाटणी केली, तरी पुरेना, कारण अनेकांनी संपत्ती दडवली. मग देवळांतल्या मूर्तींचे दागिने उतरवले, सोन्याचांदीच्या मूर्ती वितळवल्या. त्यांत शौर्याची देवता 'विर्तुस' हीही होती. जुन्या धर्माचा झोसिमस लिहितो, त्या दिवशी रोममधलं उरलंसुरलं शौर्यही संपलं.

वसंतात ४,००० पौंड जड झाले होते. हिवाळ्यात ५,००० दिले, आणि तेही सेनापती आणि ३०,००० सैनिक घालवून बसल्यावर.

वाटसरू :

शिलेदार, सुरेख मांडणी. एका बैठकीत वाचलं. पण स्टिलिकोला तुम्ही फार मोकळं सोडलंत असं वाटतं. ऱ्हाइनवरचं सैन्य इटलीत कोणी आणलं? त्यानेच. ४०२ मध्ये पोलेंशियाला आणि नंतर व्हेरोनाला अलारिक हाताशी आला होता, दोन्ही वेळा निसटला. गॉल जळत असताना हा गृहस्थ पूर्वेकडचा इलिरिकम प्रांत मिळवायच्या खटपटीत, आणि त्यासाठी अलारिकलाच हाताशी धरलेलं. अशा माणसावर सिनेटने संशय घेतला तर त्यांना सरसकट दोष कसा द्यायचा? लाम्पाडियस मला तरी त्या सभेतला एकमेव धीट माणूस वाटतो.

शिलेदार :

वाटसरू, लाम्पाडियसच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण तह नको म्हणणाऱ्याने लढायची सोय सांगावी लागते. ती त्या सभेत कोणी सांगितली नाही आणि शरद ऋतूत अलारिक खाली उतरला तेव्हाही कोणाकडे नव्हती.

ऱ्हाइनचं म्हणाल तर त्या वर्षांत इटलीवरच संकट होतं. राडागाइसस या गॉथ सरदाराची प्रचंड टोळी थेट फ्लॉरेन्सपर्यंत आली होती. ४०६ च्या ऑगस्टमध्ये फिएसोलेच्या डोंगरात स्टिलिकोने तिला उपाशी पाडून मोडलं. त्यातल्या १२,००० निवडक लढवय्यांना त्याने रोमन चाकरीत घेतलं, असं ऑलिंपिओडोरस सांगतो. ४०८ मध्ये ज्यांची बायकापोरं मारली त्या सैनिकांत ही माणसं असणार. दोन वर्षांपूर्वी जिंकून आपलीशी केलेली फौज एका आठवड्यात शत्रूच्या पदरात टाकली. मला हे इलिरिकमच्या हव्यासापेक्षा कितीतरी मोठं पाप वाटतं.

तळटीप :

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. झोसिमसने हे सारं इ.स. ५०० च्या आसपास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि जुन्या लेखकांचे ग्रंथ समोर ठेवून. आधीच्या भागासाठी त्याच्यासमोर युनापियस होता आणि त्याचं स्टिलिकोबद्दलचं मत वाईट. ४०७ च्या आसपासपासून ऑलिंपिओडोरस सुरू होतो, त्याचं मत चांगलं. त्यामुळे झोसिमसच्या पाचव्या भागात पहिल्या पानांवरचा लाचखाऊ, लोभी स्टिलिको मरताना एकदम त्या काळच्या सत्ताधाऱ्यांमधला सर्वांत संयमी माणूस होतो. दोन्ही स्टिलिको एकाच पुस्तकात!

उलट ओरोसियस आणि कवी रुटिलियस नामाटियानस. एक ख्रिस्ती पाद्री, दुसरा जुन्या देवांचा भक्त. दोघेही ४१७ च्या सुमारास लिहितात आणि दोघेही त्याला गद्दार म्हणतात. रुटिलियसचा मोठा राग, स्टिलिकोने सिबिलचे भविष्यग्रंथ जाळले याचा. धर्माने टोकाला असलेली दोन माणसं एका शिवीवर एकमत होतात, म्हणजे तो समज तेव्हा किती खोल रुजला होता ते दिसतं.

मात्र कटाचा पुरावा तेव्हाही सापडला नव्हता, हे शिलेदारांच्या बाजूने सांगतो. ऑलिंपियसने राजवाड्याचा मुख्य खोजा ड्यूटेरियस आणि लेखनिकांचा प्रमुख पीटर यांचे हालहाल केले. दोघांच्या तोंडून काही निघालं नाही. शेवटी दोघांना सोट्यांनी मारून टाकलं.

दीपमाळ :

सेरेनाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? वेढा पडल्यावर शहरात अफवा उठली की तीच अलारिकला आत घेणार. सिनेटने ठराव केला आणि तिला गळा आवळून मारलं. ठरावाला होनोरियसची सावत्र बहीण गाला प्लासिडिया हिची संमती होती, आणि ती तर सेरेनाची चुलतबहीण. नवरा गेला, मुलगा युखेरियस मारला गेला, मुलगी थर्मांशिया सम्राटाने माहेरी परत पाठवली. त्यात ही बाई कोणाशी काय संधान बांधणार? ती मेल्यावर वेढा उठेल असं सभासदांना वाटलं होतं. अलारिक तसूभर हलला नाही.

झोसिमसचं स्पष्टीकरण असं, की तिने पूर्वी देवीच्या गळ्यातला कंठा काढून स्वतःच्या गळ्यात घातला होता, म्हणून त्याच गळ्याला फास लागला. एका निरपराध बाईच्या खुनाला दैवी न्याय म्हणून मोकळं व्हायचं! मला हे वाचवत नाही.

याच सेरेनाने धाकट्या मेलानियाला मदत केली होती. मेलानिया आणि तिचा नवरा पिनियानस यांना अफाट जमिनी विकून पैसा दान करायचा होता, नातेवाईक आडवे आले, तेव्हा सम्राटाकडून हुकूम मिळवून दिला तो हिने. सेरेना गेल्यावर शहराचा प्रीफेक्ट पाँपेयानस मेलानियाची मालमत्ता जप्त करायच्या बेतात होता. पण भाकरीच्या टंचाईने खवळलेल्या जमावाने त्यालाच रस्त्यात ठार मारलं, असं तिच्या चरित्रात येतं.

शिलेदार :

दीपमाळ, फार महत्त्वाची भर. पाँपेयानसबद्दल आणखी एक. वेढ्यात त्याला एट्रुरियाचे (रोमच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचे) काही लोक भेटले. आमच्या मंत्रांनी नार्निया गावावर विजा पाडून टोळ्या पळवल्या, तेच इथे करू, म्हणाले. कायद्याने असले विधी बंद झालेले. झोसिमसच्या म्हणण्याप्रमाणे बिशप इनोसेंटने गुपचूप करायला हरकत घेतली नाही, पण एट्रुरियावाल्यांची अट होती की सिनेटने उघडपणे कॅपिटोल टेकडीवर आणि चौकांत विधी करावेत. तेवढं धाडस कोणाला झालं नाही आणि त्यांना परत पाठवलं. ख्रिस्ती होऊन पिढी उलटलेलं शहर उपासमारीत कुठल्या दारापर्यंत जाऊन आलं, ते यात दिसतं.

आजोळ :

३,००० पौंड मिरी वाचून थबकले. ही आपल्या कोकणातून जात असे का? आणि गॉथांना एवढ्या मिरीचं करायचं काय?

तळटीप :

मिरी मुख्यतः मलबारची, आजच्या केरळची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासवर्णनामध्ये मुझिरिस बंदरातून ती जहाजं भरभरून जाते. त्याच ग्रंथात कल्याण आणि सोपारा ही नावंही येतात, पण पैठण आणि तेरचा माल म्हणून उल्लेख आहे तो भडोचला जाणाऱ्या गोमेदाचा आणि कापडाचा. मिरी तांबड्या समुद्रातल्या बंदरांना उतरायची, उंटावरून नाईलपर्यंत, मग अलेक्झांड्रियाहून रोमला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातल्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे. रोममध्ये पहिल्या शतकातल्या सम्राट डोमिशियनच्या काळापासून मिरीची खास कोठारं होती. ३,००० पौंड म्हणजे टनाला थोडी कमी.

टिकाऊ, वजनाला हलकी आणि कुठेही विकली जाणारी. फौज फिरती असेल तर सरदारांत वाटायला मिरी आणि रेशीम यांइतका सोयीचा माल नाही.

घाटमाथा :

याच वर्षी पूर्वेकडे काय चाललं होतं तेही पाहावं. तिथेही गादीवर पोर, तिथेही सरहद्दीवर शत्रू. उल्डिन हा हूणांचा सरदार डॅन्यूब ओलांडून आला, कास्त्रा मार्तिस हा किल्ला फितुरीने घेतला. तह करायला गेलेल्या रोमन अधिकाऱ्याला उगवत्या सूर्याकडे बोट दाखवून म्हणाला, मनात आणलं तर सूर्य जिथवर उजेड देतो तिथवरची जमीन मी जिंकेन. पण रोमनांनी त्याचे सरदार एकेक करून फोडले आणि त्याला नदीपार पळावं लागलं. त्याच्याबरोबर आलेल्या स्किरी टोळीतले मागे राहिलेले लोक कैद झाले. सोझोमेन हा त्याच काळातला इतिहासकार म्हणतो, त्यांतले कित्येक बिथिनियात शेती करताना मी स्वतः पाहिले.

पैसा तिथेही खर्च झाला, फितुरी तिथेही वापरली. फरक माणसांत. अँथेमियस या प्रीफेक्टने सात वर्षांच्या राजाच्या नावाने सहा वर्षं नीट कारभार केला. इराणच्या यझ्देगर्दशी सलोखा ठेवला आणि ४१३ पर्यंत राजधानीची नवी तटबंदी उभी केली. नंतरच्या दुरुस्त्या आणि भर धरून तो तट १४५३ पर्यंत कामी आला. पश्चिमेला असा कारभारी होता, त्याला त्यांनी ऑगस्टमध्ये मारलं.

आजोळ :

धन्यवाद तळटीप. शिलेदार, शेवटचा प्रश्न. खंडणी दिल्यावर अलारिक निघून गेला, मग दोनच वर्षांत परत कसा आला? आणि त्या ऑलिंपियसचं काय झालं?

शिलेदार :

आजोळ, खंडणी हा तहाचा अर्धा भाग होता. अलारिकने पैसे मिळाल्यावर वेढा सैल केला, तीन दिवस बाजार भरू दिला, पोर्टसहून धान्य येऊ दिलं. बंदराकडे जाणाऱ्या लोकांना त्याच्या काही माणसांनी त्रास दिला तर त्यांनाही आवरलं. दरम्यान शहरातले गुलाम रोज थोडेथोडे बाहेर पडून त्याला मिळत होते; त्याच्याकडे ४०,००० माणसं झाली. तहाचा दुसरा भाग म्हणजे बड्या घरची मुलं ओलीस म्हणून द्यायची आणि होनोरियसने मैत्रीवर शिक्कामोर्तब करायचं. रावेन्नाने पैसे जाऊ दिले, ओलीस मात्र दिले नाहीत. अलारिक एट्रुरियात वाट पाहत बसला आणि ४०९ मध्ये पुन्हा रोमपुढे उभा राहिला.

ऑलिंपियस ४०९ मध्येच मर्जीतून उतरला आणि डाल्मेशियाला पळाला. पुढे कॉन्स्टँटियस सेनापती झाल्यावर त्याने याचे कान कापून सोट्यांनी मारायचा हुकूम दिला. स्टिलिकोचा वध करणारा हेराक्लियन याला बक्षिसी म्हणून आफ्रिका प्रांत मिळाला होता, स्टिलिकोच्या मेव्हण्याला मारून रिकामी केलेली जागा. ४१३ मध्ये त्याने होनोरियसविरुद्धच बंड केलं, इटलीत मार खाल्ला आणि कार्थेजला परतल्यावर त्याचं डोकं उडवलं.

ओलिसांवरून आठवलं. शरद ऋतूत अलारिकने जी दोन मुलं नावानिशी मागितली होती त्यांत गॉडेंशियसचा मुलगा एटियस होता. हा पोरगा आधी अलारिककडे तीन वर्षं ओलीस राहिला होता आणि पुढे हूणांकडेही राहिला. ४५१ मध्ये गॉलच्या मैदानात अटिलाला अडवणारा सेनापती तो हाच. त्याच्यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे. तळटीप, घाटमाथा, तुम्ही दोघांनी त्यात लिहावं अशी विनंती.